गृहीतकांच्या रकान्यातला इंटर्न

शहरांची दुरवस्था ही एकेका देशाने आपापल्या परीने निस्तरण्याची बाब राहिलेली नाही, हे संयुक्त राष्ट्रांना अधिकृतपणे मान्य करण्यास १९७६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी कॅनडातील व्हँकुव्हर येथे मानवी वसाहतींविषयीची पहिली जागतिक परिषद भरली, तिच्या पाठोपाठ १९७८ मध्ये एक केंद्र स्थापन झाले, आणि १ जानेवारी २००२ रोजी त्या केंद्राला पूर्ण ‘कार्यक्रमा’चा दर्जा मिळून ‘यूएन-हॅबिटॅट’ या नावाने आज ओळखली जाणारी संस्था आकाराला आली. या संस्थेचे ठराव, तिचे जाहीरनामे आणि दर वीस वर्षांनी भरणाऱ्या तिच्या महापरिषदा (१९९६ मध्ये इस्तंबूल, २०१६ मध्ये क्विटो) यांविषयी विपुल लेखन उपलब्ध आहे. मात्र ज्याच्या हातून यांतील बहुतेक मजकूर शेवटच्या रात्री एकसारख्या अक्षरात बसवला जातो, पृष्ठक्रमांक घातले जातात आणि परिशिष्ट ‘ख’ हे परिशिष्ट ‘क’च्या आधी आले आहे हे ज्याच्या ध्यानात येते, त्या घटकाकडे, म्हणजे कार्यक्रम व्यवस्थापन विभागातील इंटर्नकडे, अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. ही उणीव भरून काढण्याचा येथे अल्पसा प्रयत्न केला आहे.

प्रारंभी संज्ञांची निश्चिती करणे इष्ट ठरेल. इंटर्न म्हणजे जिचे शिक्षण संपत आले आहे किंवा नुकतेच संपले आहे, जी दोन ते सहा महिने कार्यालयात इतरांइतकाच वेळ, आणि बहुधा थोडा अधिकच, बसते, परंतु जिला नियमानुसार कर्मचारी म्हणता येत नाही, अशी व्यक्ती होय. ‘प्रकल्प’ म्हणजे ठरावीक पैशांत ठरावीक मुदतीत करावयाचे काम, आणि ‘कार्यक्रम’ म्हणजे अशा अनेक प्रकल्पांची मोट, जिची मुदत त्यांतील सर्वांत रेंगाळलेल्या प्रकल्पावर अवलंबून असते. ‘कार्यक्रम व्यवस्थापन’ या शास्त्रात नियोजन, अंदाजपत्रक, देखरेख, मूल्यमापन आणि अहवाल या पाच अंगांचा समावेश होतो, आणि हे सर्व योजल्याबरहुकूम चालले आहे असे कागदावर सतत दिसत राहील, याची तजवीज करणे हे त्याचे मुख्य प्रयोजन होय. नळ, गटारे, भाडेकरू, नगरसेवक आणि पाऊस यांनी बनलेले प्रत्यक्ष शहर या शास्त्रात येते खरे, पण ते बहुधा परिशिष्टात.

संस्थेचे मुख्यालय नैरोबीच्या गिगिरी या उपनगरात, संयुक्त राष्ट्रांच्याच पर्यावरण कार्यक्रमाच्या शेजारी, करुरा अरण्याला लागून आहे. हे अरण्य बिल्डरांच्या घशात जाऊ नये म्हणून पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी मथाई यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस लढा दिला, आणि तो यशस्वी झाल्यामुळेच आज तेथील माकडांना संयुक्त राष्ट्रांच्या आवारात ओळखपत्राशिवाय ये-जा करता येते. इंटर्नला ओळखपत्र लागते, आणि त्याची मुदत संपते. नैरोबी हे शहर मुळात १८९९ मध्ये दलदलीच्या माळावर उभारलेल्या रेल्वेच्या तळातून वाढले, आणि त्या रेल्वेसाठी इंग्रजांनी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, ३० हजारांहून अधिक मजूर करारावर नेले होते. या इतिहासाचा दृश्य परिणाम असा की चपाती आणि समोसा हे पदार्थ केनियात पूर्णपणे देशी मानले जातात, आणि परदेशगमनाच्या कल्पनेने डब्यात मेतकूट व थालीपिठाची भाजणी भरून आणलेल्या पुणेरी इंटर्नला पहिल्याच दुपारी कार्यालयाबाहेरच्या खानावळीत चपातीच पुढ्यात येते. हिंदुस्थानी मजुरांना त्या काळी करारानुसार महिन्याचा पगार मिळत असे, एवढी नोंद येथे पुढील विवेचनाच्या सोयीसाठी करून ठेवणे योग्य होईल.

संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात प्रत्येक मनुष्याला एक अक्षर आणि एक आकडा दिलेला असतो. ‘जी’ म्हणजे सामान्य सेवा, तिच्या सात पायऱ्या. ‘पी’ म्हणजे व्यावसायिक वर्ग, त्याच्या पाच. ‘डी’ म्हणजे संचालक, त्यांच्या दोन. आणि त्यांच्यावर उपमहासचिवादी मंडळी, ज्यांना आकड्यांची गरज उरत नाही. या व्यवस्थेत दोन अनोळखी माणसे एकमेकांचे नाव विचारण्यापूर्वी पायरीचा अंदाज घेतात, आणि तो लागला की किती वाकायचे हे ठरते. इंटर्नच्या जागेची जाहिरात याच शिस्तीत ‘आय-१’ या पातळीवर निघते. एकचा आकडा दिसल्यावर पुढे दोन असणार, अशी अपेक्षा कोणताही सुशिक्षित मनुष्य करील. परंतु या शिडीला एकच पायरी आहे, आणि ती कोणत्याही मजल्याला टेकवलेली नाही. दीर्घकाळ असाही नियम होता की इंटर्नशिप संपल्यापासून सहा महिने त्या व्यक्तीला व्यावसायिक वर्गातील जागेसाठी अर्जसुद्धा करता येत नसे, जेणेकरून तिला सहा महिने काम शिकवल्याचा गैरफायदा संस्थेलाच मिळू नये.

निवड होते ती ‘इन्स्पिरा’ नामक संगणकीय प्रणालीतून. उमेदवाराने आपले सर्व शिक्षण, अनुभव आणि ध्येये तिच्यात भरावीत आणि मग वाट पाहावी, एवढीच तिची अपेक्षा असते. महाराष्ट्रातून या वाटेने जाणारा विद्यार्थी बहुधा मुंबई-पुण्यात वास्तुरचना शिकून पुढे लंडन किंवा डेल्फ्टला नगररचनेचे पदव्युत्तर शिक्षण घेणारा असतो, आणि निवडीचे पत्र आले की सोसायटीच्या जिन्यात “आमची यूएनमध्ये लागली” हे वाक्य जन्म घेते. या वाक्यातील ‘लागली’ या क्रियापदात पगार, भविष्यनिर्वाह निधी, निवासस्थान आणि निवृत्तिवेतन हे सर्व ऐकणाऱ्यापर्यंत पोचते, आणि पत्रात मात्र प्रवास, व्हिसा, निवास व आरोग्यविमा या चारही बाबींचा खर्च उमेदवाराने स्वतः करावयाचा असून कोणताही मोबदला मिळणार नाही, असे स्वच्छ लिहिलेले असते. वडील हे पत्र दोनदा वाचतात. आई एकदाच वाचते आणि लोणच्याची बरणी सामानात कितपत चालते याची चौकशी सुरू करते.

पहिल्या आठवड्यात इंटर्नला ‘बीसेफ’ हा सुरक्षेचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्र मिळवावे लागते. अपहरण झाल्यास कसे वागावे, जमावाने गाडी अडवल्यास काय करावे आणि स्फोट झाल्यास कोठे आडवे व्हावे, हे त्यातून कळते. छपाईयंत्रात कागद अडकल्यास काय करावे, हे मात्र कळत नाही, आणि पुढील सहा महिन्यांत नेमका तोच प्रसंग येतो. त्याच आठवड्यात ‘टर्म्स ऑफ रेफरन्स’, म्हणजे कामाची कार्यकक्षा सांगणारा कागद, हाती पडतो. त्यात जागतिक धोरणनिर्मितीस साहाय्य करणे, भागीदार राष्ट्रांशी समन्वय साधणे आणि ज्ञानव्यवस्थापन करणे अशी भारदस्त कलमे असतात, आणि सर्वांत शेवटी ‘वरिष्ठ सांगतील ती अन्य कामे’ हे एक कलम असते. अनुभवी लोक हा कागद शेवटाकडून वाचतात. भारदस्त कलमांचे व्यवहारी रूपही लवकरच उलगडते: समन्वय साधणे म्हणजे सोयीची वेळ विचारण्यासाठी चार खंडांतील अकरा जणांना पत्र पाठवणे, आणि ज्ञानव्यवस्थापन म्हणजे ‘अंतिम’, ‘अंतिम-सुधारित’ आणि ‘अंतिम-सुधारित-हाच-घ्या’ या तीन फायलींपैकी खरी अंतिम कोणती हे ठाऊक असणे.

आता या शास्त्राच्या गाभ्याकडे वळणे प्राप्त आहे. तो गाभा म्हणजे ‘लॉजिकल फ्रेमवर्क’, ज्याला प्रेमाने ‘लॉगफ्रेम’ म्हणतात. अमेरिकेच्या परराष्ट्र मदत संस्थेसाठी लिऑन रोझेनबर्ग आणि त्यांच्या सल्लागार सहकाऱ्यांनी १९६९ च्या सुमारास तो सिद्ध केला, १९८० च्या दशकात जर्मनांनी त्याला भिंतीवर चिठ्ठ्या टोचण्याची जोड दिली, आणि तेव्हापासून जगातील कोणत्याही विकासप्रकल्पाला त्यावाचून पैसा मिळेनासा झाला. त्यात चार ओळी असतात: अंतिम उद्दिष्ट, हेतू, हाती येणाऱ्या वस्तू आणि करावयाच्या कृती, आणि चार रकाने असतात: वर्णन, मोजता येणारे निर्देशक, पडताळणीची साधने आणि गृहीतके. मराठी वाचकाला ही रचना जन्मपत्रिकेवरून चटकन समजेल. पत्रिकेत घरे बारा, लॉगफ्रेममध्ये सोळा; पत्रिका जन्मानंतर मांडतात, लॉगफ्रेम प्रकल्प जन्माला यावा म्हणून आधी मांडतात; दोन्ही ठिकाणी मांडणारा अत्यंत गंभीर असतो आणि ज्याचे भवितव्य मांडले जात आहे त्याला काही विचारले जात नाही. भाकीत चुकले तर पत्रिकेत शनी वक्री असल्याचे निघते, लॉगफ्रेममध्ये चौथ्या रकान्यातील गृहीतक डळमळीत झाल्याचे निघते, आणि दोन्हींवरचा उतारा खर्चिक असतो. एकीकडे शांत करतात, दुसरीकडे मध्यावधी मूल्यमापनासाठी सल्लागार बोलावतात.

या चौथ्या रकान्याचे महत्त्व जितके सांगावे तितके थोडे. पहिल्या तीन रकान्यांत संस्था काय करणार ते लिहायचे असते, आणि चौथ्यात जे तिच्या हातात नाही पण ज्यावाचून पहिल्या तीन रकान्यांतले काहीही घडणार नाही, ते लिहायचे असते. ‘राजकीय स्थैर्य टिकून राहील’, ‘महापालिका जमीन वेळेत उपलब्ध करून देईल’, ‘स्थानिक समुदायाचा उत्स्फूर्त सहभाग लाभेल’ अशी वाक्ये तेथे शांतपणे नांदत असतात. हा रकाना भरण्याचे काम बहुधा इंटर्नकडे येते, कारण वरिष्ठांना तो भरताना भूतकाळ आठवतो आणि इंटर्नला अद्याप भूतकाळ नसतो. मात्र या रकान्यात एक गृहीतक कोणीच लिहीत नाही: ‘सुशिक्षित, उत्साही, चार भाषा जाणणारा आणि पगार न मागणारा तरुण मनुष्य दर सहा महिन्यांनी नव्याने उपलब्ध होत राहील.’ वास्तविक सर्व गृहीतकांत हेच सर्वांत खात्रीचे आहे. सरकारे कोसळतात, महापौर बदलतात, निधी देणाऱ्या देशांचे मन उडते, पण या तरुणांचा ओघ आटल्याचे ऐकिवात नाही.

दुसऱ्या महिन्यापर्यंत इंटर्नची गाठ झोपडपट्टीच्या व्याख्येशी पडते. संस्थेच्या व्याख्येनुसार ज्या कुटुंबाला सुधारित पाणीपुरवठा, सुधारित शौचालय, टिकाऊ घर, पुरेशी जागा आणि घरातून हुसकले न जाण्याची हमी या पाचांपैकी एकाचाही अभाव आहे, ते कुटुंब झोपडपट्टीतले. आणि पुरेशी जागा म्हणजे एका राहत्या खोलीत तीनपेक्षा अधिक माणसे नसणे. ही व्याख्या वाचताना मुंबईकर इंटर्नची बोटे मनातल्या मनात मोजू लागतात. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींत एक खोली १६० चौरस फुटांची, आणि तीत आजी-आजोबा, तीन काका, एक अविवाहित आत्या आणि गावाहून परीक्षेसाठी आलेला चुलतभाऊ. म्हणजे ज्या खोलीत गणपती बसत होता, जिच्यातून दोन पदवीधर आणि एक बँक अधिकारी बाहेर पडले, आणि जिच्यात राहणाऱ्या आजोबांनी “आपण काही झोपडपट्टीत राहत नाही” हे वाक्य आयुष्यभर ताठ मानेने उच्चारले, ती खोली आंतरराष्ट्रीय निकषावर पहिल्याच प्रश्नाला नापास होते. हा शोध लागल्यावर शहाणा इंटर्न घरी फोन करताना त्याचा उल्लेख टाळतो.

निर्देशकांची महती पटवणारे याहून भव्य उदाहरण सहस्रक विकास उद्दिष्टांचे आहे. २००० साली जगाने असे ठरवले की २०२० पर्यंत किमान १० कोटी झोपडपट्टीवासीयांचे जीवन लक्षणीयरीत्या सुधारावे. २०१० मध्येच जाहीर झाले की २२ कोटी ७० लाख लोक झोपडपट्टीच्या परिस्थितीतून बाहेर पडले असून लक्ष्य दुपटीहून अधिक, आणि तेही दहा वर्षे आधी, पूर्ण झाले आहे. त्याच अहवालात असेही नमूद होते की याच दहा वर्षांत विकसनशील जगातील झोपडपट्टीवासीयांची एकूण संख्या ७७ कोटींवरून सुमारे ८३ कोटींवर गेली. दोन्ही आकडे खरे होते, कारण बाहेर पडणाऱ्यांपेक्षा आत येणारे जास्त होते आणि लक्ष्य फक्त बाहेर पडणाऱ्यांचे ठरवलेले होते. शिवाय पूर्वी खड्ड्याचे शौचालय वापरणारी सर्व कुटुंबे झोपडपट्टीत धरत, ती २००५ च्या मोजणीत काही प्रमाणातच धरली गेली. त्यामुळे अनेक कुटुंबे ज्या खड्ड्यावर बसली होती तेथून न उठता झोपडपट्टीबाहेर आली. पुढे २०१५ मध्ये १७ उद्दिष्टे आणि १६९ लक्ष्ये असलेला नवा संच आला, त्यातील अकरावे उद्दिष्ट शहरांचे ठरले, आणि त्याचा तक्ता रंगीत करण्याचे काम कोणाकडे गेले हे सांगण्याची आवश्यकता नाही.

मोजणीचा प्रश्न नैरोबीत तर दाराशीच उभा आहे. किबेरा ही आफ्रिकेतील सर्वांत मोठी झोपडपट्टी असून तिची लोकसंख्या १० लाख आहे, हे वाक्य इतक्या अहवालांत इतक्या वेळा आले की ते अहवाल एकमेकांचाच आधार देऊ लागले. २००९ च्या केनियाच्या जनगणनेत तेथे १ लाख ७० हजार ७० माणसे आढळली. उरलेले आठ लाखांवर लोक कोठे गेले, याचा तपास करण्याऐवजी पुढील अनेक अहवालांनी ‘अंदाज वेगवेगळे आहेत’ असे सुरक्षित वाक्य स्वीकारले. याउलट मुंबईत १९८५ मध्ये भायखळ्याच्या ‘स्पार्क’ या संस्थेने पदपथावर राहणाऱ्यांचीच साथ घेऊन त्यांची गणना केली, ‘वुई, द इन्व्हिजिबल’ या नावाने ती प्रसिद्ध केली, आणि ज्यांना महापालिका उचलून फेकण्याच्या बेतात होती ती माणसे कोण, कोठून आली आणि काय कमावतात हे नावानिशी मांडले. मुंबईच्या रेल्वेरुळांलगतच्या वस्त्यांच्या पुनर्वसनातही रहिवाशांची अशीच मोजणी कामी आली, आणि किबेरातून जाणाऱ्या रुळांचा प्रश्न सोडवण्यापूर्वी केनियाच्या रेल्वेचे अधिकारी व वस्तीतले रहिवासी तो अनुभव पाहण्यासाठी मुंबईस येऊन गेले. १८९९ च्या रेल्वेला हिंदुस्थानी मजूर लागले आणि शतकानंतर तिच्या कडेची घरे हलवण्यास मुंबईच्या झोपडीवासीयांचा सल्ला लागला, या योगायोगाला लॉगफ्रेममध्ये जागा नाही; पण शहरविकासाचे जे थोडे विद्यापीठाबाहेरचे शिक्षण इंटर्नला मिळते, ते अशाच गोष्टींतून मिळते.

न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की संस्थेची सर्वच कामे तक्त्यात संपत नाहीत. ‘माइनक्राफ्ट’ या ठोकळे रचण्याच्या संगणकीय खेळाच्या निर्मात्यांबरोबर २०१२ मध्ये तिने एक उपक्रम सुरू केला, ज्यात वस्तीतील मुले आणि प्रौढ संगणकावर आपल्या मैदानाची, चौकाची किंवा बागेची रचना स्वतः करून दाखवतात आणि मग आराखडा होतो. असा प्रयोग किबेरातही झाला. नकाशा वाचू न शकणारी आजीबाई पडद्यावर दिवा कोठे हवा ते बोटाने दाखवू शकते, ही यातील खरी खुबी आहे. भारतीय इंटर्नच्या दृष्टीने या उपक्रमाचे आणखी एक मोल असे की ज्या खेळापायी दहावीच्या वर्षी संगणकाची वायर वडिलांनी कपाटात कुलूपबंद केली होती, तोच खेळ संयुक्त राष्ट्रांच्या कामकाजात अधिकृत साधन म्हणून नोंदलेला आढळतो. त्या वर्षीच्या गुणपत्रिकेचा फेरविचार व्हावा, असा प्रस्ताव घरी मांडण्यास हा सबळ पुरावा ठरू शकतो.

उपक्रम कोणताही असो, त्याचा कागदी जीवनक्रम ठरलेला असतो. प्रथम दोन पानांचे संकल्पना-टिपण तयार होते, ज्याला ‘कन्सेप्ट नोट’ म्हणतात. ते सात विभागांकडे अभिप्रायासाठी जाते आणि अकरा पानांचे होऊन परत येते, कारण प्रत्येक विभागाला आपला विषय त्यात ‘ठळकपणे प्रतिबिंबित’ झालेला पाहावयाचा असतो. मग जोखीम-नोंदवही येते, जिच्यात प्रत्येक संकटाला शक्यतेसाठी एक ते पाच आणि परिणामासाठी एक ते पाच गुण देऊन गुणाकार करतात. नागरी युद्धाची शक्यता दोन आणि परिणाम पाच मिळून दहा, आणि बैठकीला गणपूर्ती न होण्याची शक्यता पाच व परिणाम तीन मिळून पंधरा, असा निष्कर्ष निघाला तरी गुणाकार बरोबर असल्याने कोणी हरकत घेत नाही. काम रेंगाळले की ‘नो-कॉस्ट एक्स्टेन्शन’ मागतात, म्हणजे पैसे न वाढवता मुदत वाढवून मिळते. तिच्या काळात कार्यालय चालते, दिवे जळतात, आणि काम इंटर्न करीत असल्यामुळे खर्च न वाढल्याचा दावा बराचसा खराही ठरतो. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी जागतिक वसतिस्थान दिन आणि ३१ ऑक्टोबरला जागतिक शहर दिन असल्यामुळे त्या महिन्यात फलक, संदेश आणि पाहुण्यांच्या नावांच्या पट्ट्या यांचे काम वाढते. आणि नैरोबीत २००२ मध्ये सुरू झालेला जागतिक नागरी मंच ज्या वर्षी भरतो, त्या वर्षी तर मंत्र्यांच्या नावांची स्पेलिंगे तपासणे ही एक स्वतंत्र ज्ञानशाखाच बनते.

पैशाचा विचार केल्यावाचून हे विवेचन पुरे होणार नाही. एखादा देश जेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाला प्रकल्पासाठी निधी देतो, तेव्हा त्यातून साधारण १३ टक्के रक्कम ‘कार्यक्रम साहाय्य खर्च’ म्हणून वेगळी काढण्याचा प्रघात आहे, कारण प्रकल्प चालवण्यासाठी हिशेबनीस, इमारत आणि वीजही लागते आणि ती कोणीतरी पुरवली पाहिजे, हे तत्त्व सर्वांना मान्य आहे. आता समजा, डोंबिवलीतील एक गृहस्थ नैरोबीतल्या मुलीला खोलीभाडे, जेवण आणि प्रवासासाठी महिना ६० हजार रुपये पाठवतात. सहा महिन्यांत ही रक्कम ३ लाख ६० हजार होते, आणि तिच्या बळावर एक पदव्युत्तर शिक्षित व्यक्ती आंतरराष्ट्रीय शहरविकासासाठी पूर्णवेळ काम करते. अर्थशास्त्राच्या कोणत्याही व्याख्येने हे गृहस्थ निधीदाते ठरतात. तरीही अहवालाच्या मागच्या मुखपृष्ठावर स्वीडन, नॉर्वे आणि युरोपीय संघ यांच्या चिन्हांशेजारी डोंबिवलीच्या त्या गृहस्थांचे नाव नसते, त्यांना सहामाही प्रगती अहवाल पाठवला जात नाही, आणि त्यांच्या ३ लाख ६० हजारांवरचे १३ टक्के, म्हणजे ४६ हजार ८०० रुपये, त्यांना साहाय्य खर्च म्हणून कोणी देऊ करीत नाही. बाकी सर्व दात्यांना मिळते ते एक मात्र त्यांनाही मिळते: निधी नेमका कोठे गेला, याविषयीची अस्पष्टता.

ही व्यवस्था सर्वांनाच परवडते असे नाही, हे जगाला २०१५ च्या ऑगस्टमध्ये विशेषत्वाने कळले, जेव्हा जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या एका संस्थेत इंटर्न म्हणून आलेला न्यूझीलंडचा २२ वर्षांचा तरुण सरोवराकाठी तंबूत राहत असल्याची बातमी वृत्तपत्रांत झळकली. त्याने तो तंबू काही अंशी लोकांचे लक्ष वेधण्यासाठीच ठोकला होता, असे पुढे निघाले, आणि लक्ष वेधले गेले यावरून त्या प्रकल्पाचे निर्देशक साध्य झाले असे म्हणता येते. पाच निकषांच्या व्याख्येने तपासले असता मात्र तो तंबू पाणी, शौचालय, टिकाऊ बांधकाम आणि हुसकले न जाण्याची हमी या चारही बाबतींत अपुरा ठरतो. माणशी जागा तेवढी पुरेशी होती. संयुक्त राष्ट्रांच्याच संयुक्त तपासणी पथकाने इंटर्नशिपच्या प्रश्नाचा २००९ आणि २०१८ मध्ये आढावा घेतला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ विद्यावेतन देतात, जागतिक आरोग्य संघटनेने २०२० पासून ते सुरू केले, आणि त्यामुळे यांपैकी कोणतीही संस्था बुडाली असे झालेले नाही. सचिवालयाचे म्हणणे असे की जे कर्मचारी नाहीत त्यांना पगार देण्याची मुभा सदस्य राष्ट्रांनी दिलेली नाही. कर्मचारी नाहीत म्हणून पगार नाही, आणि पगार नाही म्हणून कर्मचारी नाहीत, हा युक्तिवाद तर्कशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष आहे.

याचा खरा तोटा इंटर्नपेक्षा शहरांनाच होतो, ही गोष्ट गांभीर्याने नोंदवली पाहिजे. ज्याच्या घरून सहा महिने पैसे येऊ शकतात तोच गिगिरीत पोचतो. आणि ज्याने नळावरची रांग, सामायिक शौचालय, पागडीची पावती आणि पाडकामाची नोटीस यांचा अभ्यास जन्मापासून केला आहे, तो या विषयातला खरा तज्ज्ञ असूनही खर्चाच्या रकान्यापाशी अडतो. मानखुर्दच्या किंवा नैरोबीतील माथारेच्या मुलीला जे ठाऊक आहे ते जाणून घेण्यासाठी मग सल्लागार नेमावा लागतो, त्याच्या दौऱ्याला दैनिक भत्ता द्यावा लागतो, आणि त्याने त्याच मुलीची मुलाखत घेऊन लिहिलेला अहवाल संपादित करण्यासाठी एक इंटर्न लागतो. अशा रीतीने जो पैसा विद्यावेतनात वाचवला जातो तो दौऱ्यात खर्ची पडतो, आणि हिशेब अखेरीस जुळतो.

इंटर्नच्या पदरातही काही पडत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दीडशे पानांचा दस्तऐवज पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी कार्यालयातील एकमेव व्यक्ती तीच असते; इतरांनी फक्त आपापला परिच्छेद वाचलेला असतो. त्यामुळे तिसऱ्या प्रकरणातील आकडा सातव्या प्रकरणातील आकड्याशी जुळत नाही, हे तिलाच कळते, आणि कोणता आकडा अधिक मोठ्या हुद्द्याच्या माणसाने दिला आहे हे पाहून तो कसा जुळवायचा, हेही तिला सहा महिन्यांत उमगते. महापालिकेत, मंत्रालयात, विद्यापीठात किंवा मोठ्या गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीत पुढे जे जे करावे लागते, त्याचे इतके सर्वांगीण शिक्षण अन्यत्र मिळणे कठीण आहे.

ज्या वाचकांच्या घरी असे निवडपत्र आले असेल, त्यांनी ते अभिमानाने शेजाऱ्यांना जरूर दाखवावे. परंतु मुदतठेव मोडण्यापूर्वी कार्यकक्षेचा कागद मागवून त्यातील शेवटचे कलम आधी वाचावे, विद्यावेतन देणाऱ्या संस्थांकडे त्याच आठवड्यात अर्ज करावेत, आणि जायचेच ठरले तर कामाच्या कागदावर आपल्या मुलामुलीचे नाव लेखकांत येईल असे लेखी घ्यावे. १७ उद्दिष्टांपैकी आठवे उद्दिष्ट सन्मानाच्या रोजगाराचे आहे, अकरावे शहरांचे, आणि अकराव्यासाठी राबणाऱ्याला आठवे लागू करण्यास नवा लॉगफ्रेम, नवी परिषद किंवा मध्यावधी मूल्यमापन यांपैकी कशाचीही गरज नाही. जो काम करून घेतो त्याने कामाचे पैसे द्यावेत, एवढा एकच नियम त्यासाठी पुरतो.